अभ्र्यातली रेकॉर्ड

“सोपं लावा, भावजी,” शरयूवहिनी फोनवर म्हणाल्या. “ह्या वेळी अगदी सोपं लावा.”

दुपारची वेळ होती. मी जेवून नुकताच आडवा झालो होतो. वहिनींचा फोन म्हणजे ‘रविवारी येताना लिंबं आणा’ एवढ्यापुरता, त्यामुळे आधी मला काही उलगडाच होईना.

“सोपं म्हणजे?”

“म्हणजे ह्यांना ओळखू येईल असं. ह्या रविवारी तुमचीच पाळी ना? कौस्तुभ येतोय पुण्याहून. तो बसणार आहे ऐकायला.”

“कौस्तुभ? जॅझ ऐकायला?”

“जॅझ नाही हो. बापाला ऐकायला.”

मी उठून बसलो.

ह्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. ठाण्यात जॅझच्या बाबतीत अच्युतराव कारखानिसांच्या शब्दापुढे कुणाचं चालत नसे. तसे ठाण्यात जॅझ ऐकणारे होतेच कितीसे, हा भाग वेगळा. त्या वेळेपर्यंत आम्ही तिघंच उरलो होतो. एक अच्युतराव, एक मी आणि एक पास्कल मिनेझिस. पास्कल तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत ट्रम्पेट वाजवायचा. दात गेले तेव्हा ट्रम्पेटही गेलं आणि कान तेवढे शिल्लक राहिले.

महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही अच्युतरावांकडे जमायचो. ज्याची पाळी असेल त्याने एक रेकॉर्ड आणायची, आणि ती उशीच्या अभ्र्यात घालून आणायची, कारण कव्हर कुणाला दिसता कामा नये. मग ती लावायची आणि बाकीच्यांनी कोण वाजवतंय ते ओळखायचं. बाजू संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. शेवटी आणणाऱ्याने अभ्र्यातून कव्हर काढून दाखवायचं. ह्या उद्योगावरून बैठकीचं नावच ‘अभ्रा’ पडलं होतं. “रविवारी अभ्रा आहे” असं मी म्हटलं की माझी बायको कपाटातून एक विटका अभ्रा काढून टेबलावर ठेवायची आणि दुसरीकडे बघायची.

ह्या खेळात अच्युतराव कधी हरल्याचं मला आठवत नाही. नुसती झांज ऐकून ते ड्रमवाल्याचं नाव सांगत. एकदा पास्कलने मुद्दाम कुठल्या तरी स्वीडनमधल्या मंडळींची रेकॉर्ड आणली, तर हे म्हणाले, “माणसं नवीन आहेत, पण पियानो ओळखीचा आहे. खालच्या सप्तकात एक पट्टी बसकी आहे त्याची. त्याच स्टुडिओतली दुसरी रेकॉर्ड दाखवू का?” आणि उठून दाखवली.

दाखवण्यासारखं घरात भरपूर होतं. बाहेरच्या खोलीची एक अख्खी भिंत लोखंडी कपाटांनी अडवलेली. प्रत्येक रेकॉर्ड उभी, प्रत्येकीला आतून नवं पातळ पाकीट, कप्प्याकप्प्यात औषधांच्या बाटल्यांतून जमवलेल्या दमटपणा शोषणाऱ्या पुड्या. पावसाळ्यात कव्हरांना बुरशी येऊ नये म्हणून कपाटात बारीकसा दिवा जळायचा. घरातल्या माणसांना दम्याचा त्रास झाला तरी चालेल, पण कपाटात दमट होता कामा नये, असा एकूण कारभार होता. आणि सगळ्यात वरच्या कप्प्यात बॉक्स सेट, म्हणजे एकेका वादकाच्या रेकॉर्डींचे जाडजूड डबे. बोटीवरचा एक मित्र, अमेरिकेतला एक भाचा, कुणाकुणाचे हातपाय जोडून ते आणवलेले. भाच्याने एकदा बॅगेत जागा नाही म्हणून आईसाठी घेतलेला मिक्सर तिथेच ठेवून बॉक्स सेट आणला होता. बहीण वर्षभर अच्युतरावांशी बोलली नाही.

शरयूवहिनींना ह्या बॉक्स सेटचं भारी नवल. “एकच गाणं पाच वेळा आहे ह्याच्यात,” त्या मला सांगायच्या, “त्यातलं चार वेळा चुकलेलं. चुकलेलंपण विकतात?” अच्युतराव म्हणायचे, “चुकलेलंच ऐकायचं असतं, शरयू.” वहिनी म्हणायच्या, “मग माझी पोळी करपली की का ओरडता?”

तर अशा माणसाला गेल्या वर्षभरापासून विसरायला होऊ लागलं होतं. चहा घेऊन झाल्यावर पुन्हा चहा मागायचे. एकदा तलावपाळीवर फिरायला गेले आणि घराचा रस्ता आठवेना म्हणून तिथेच बाकावर बसून राहिले. ओळखीचा फळवाला घेऊन आला. डॉक्टरांनी सांगितलं, ही सुरुवात आहे.

“कौस्तुभचं म्हणणं, आता पुण्याला चला,” वहिनी फोनवर सांगत होत्या. “मी म्हटलं, तिथे एक खोली आहे आम्हाला. पलंग मावेल आणि कपड्यांचं कपाट मावेल. ह्यांच्या रेकॉर्डींचं काय करू? तर म्हणतो, आई, बाबांना आता त्यातलं काही कळत नाही, नुसतं लावून बसतात. मी म्हटलं, कळत नाही कसं? तू स्वतः ये नि बघ. ओळखलं, तर पुण्याचा विषय पुन्हा काढायचा नाही.”

“आणि नाही ओळखलं तर?”

“तर मी निघेन, असं बोलून बसले आहे.” त्या म्हणाल्या. “भावजी, त्या रेकॉर्डी गेल्या तर हे चार महिने जगायचे नाहीत. म्हणून म्हणते, सोपं लावा.”

फोन ठेवल्यावर मला आधी राग आला तो कौस्तुभचा, पण तो फार टिकला नाही. त्याचंही चुकत नव्हतं. अच्युतरावांचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि वहिनींचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. भाजी दोरीला टोपली बांधून वर ओढून घ्यायच्या. मागच्या दिवाळीनंतर त्या आपल्या पायांनी खाली उतरलेल्याच नव्हत्या. डॉक्टरकडेसुद्धा त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून न्यावं लागलं होतं, आणि त्याची त्यांना इतकी लाज वाटली की पुन्हा डॉक्टरचं नाव काढलं नाही. नातीचं पहिलं बोलणं त्यांनी फोनवर ऐकलं. हे सगळं मला ठाऊक होतं. पण त्या दिवशी मला काळजी होती ती अच्युतरावांची, आणि खरं सांगायचं तर आमच्या रविवारची.

काय लावायचं हे ठरवायला वेळ लागला नाही. क्लाइड वेदरबी नावाचा एक सॅक्सोफोनवाला होता. शिकागोतल्या कुठल्याशा क्लबात वाजवलेलं त्याचं एका संध्याकाळचं रेकॉर्डिंग अच्युतरावांनी तरुणपणी बोटीवरच्या मित्राकडून मिळवलं होतं. लग्नानंतर शरयूवहिनींनी ह्या घरात ऐकलेलं पहिलं संगीत तेच. पुढे त्या क्लबातल्या सगळ्या रात्रींचा भला मोठा बॉक्स सेट निघाला, तो भाच्याच्या बॅगेतून आला, आणि मग जुनी रेकॉर्ड अच्युतरावांनी मला देऊन टाकली.

“एक खोड आहे हिला,” देताना ते म्हणाले होते. “दुसऱ्या बाजूला, त्याचं एकट्याचं वाजवणं ऐन रंगात येतं तिथे सुई अडकते. तेच ते वाजत राहतं. त्याच्या जरा आधी बोटाने असं हलकंच पुढे ढकलायचं. जोरात नाही. आधीही नाही, नंतरही नाही.”

मला ते कधीच नीट जमलं नाही. ते मात्र गप्पा मारता मारता उठायचे, बोट लावायचे आणि पुन्हा येऊन बसायचे. सुई पुढे निघून जायची, आणि इथे काही अडचण होती हे नव्या माणसाला समजायचंसुद्धा नाही.

रविवारी तीच रेकॉर्ड अभ्र्यात घालून मी निघालो. पास्कलला खाली फाटकातच गाठलं आणि दटावून ठेवलं, की आज ओळखलंस तरी तोंड उघडायचं नाही. तो म्हणाला, “अरे बाबा, मी काय लहान हाय? मला समजते सगळा.” आम्ही दोघं प्रत्येक मजल्यावर दम खात वर चढलो. तेव्हा आम्हालाही जिना आवडेनासा झालाच होता.

दार कौस्तुभने उघडलं. पस्तिशीचा माणूस, पण डोळ्यांखाली काळं आलेलं. पहाटेच्या गाडीने आला होता. मला आत घेता घेता हळूच म्हणाला, “काका, मला काय हे करायची हौस नाही हो. पण आई सांगत नाही, न्हाणीघरात पडली होती मागच्या आठवड्यात. बाबा शेजाऱ्यांना बोलवायला गेले आणि कशाला आलो तेच विसरले. त्यांच्याकडे चहा घेत बसले.”

मी चपला काढल्या आणि आत गेलो.

अच्युतराव दाढी करून, पांढरा सदरा घालून आपल्या वेताच्या खुर्चीत बसले होते. चांगले प्रसन्न दिसत होते. पास्कलला बघून म्हणाले, “ये रे, ये,” आणि त्याचं नाव काही घेतलं नाही. आतून सोड्याच्या, म्हणजे सुक्या कोळंबीच्या, खिचडीचा वास येत होता. अभ्र्याच्या रविवारी वहिनी सोड्याची खिचडी करायच्या, आणि पास्कल निम्मा तरी त्या खिचडीसाठी यायचा. त्या दिवशी मात्र तोही गप्प होता.

मी अभ्र्यात हात घालून रेकॉर्ड काढली, दुसरी बाजू वर करून लावली आणि प्लेअरजवळच्या स्टुलावर बसलो. सुईवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवंच होतं. कौस्तुभ दाराजवळ मोड्यावर बसला होता, त्याची नजर बापाच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. वहिनी स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

आधी क्लबातला गलका ऐकू आला, पेल्यांचा किणकिणाट, कुणी बाई हसली. मग वेदरबी सुरू झाला. मी अच्युतरावांकडे पाहिलं. चेहरा अगदी कोरा. एरवी पहिल्या दोन फुंकरींतच त्यांचा उजवा पाय ठेका धरायचा. तो पायही गप्प. डोळे खिडकीबाहेर. हे संगीत ह्या माणसाने ह्याच खोलीत किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही, आणि तो शेजारच्या घरातला कुकर ऐकावा तसा बसला होता. कौस्तुभ म्हणतो ते खरंच होतं तर, असं माझ्या मनात आलं, आणि एकदम फार थकल्यासारखं वाटलं.

वेदरबीचं एकट्याचं वाजवणं सुरू झालं. ती अडकायची जागा जवळ येत होती. मी सुईकडे वळणार, तेवढ्यात मला अच्युतरावांचा उजवा हात दिसला. तो खुर्चीच्या हातावर पालथा पडला होता. त्याची तर्जनी उचलली गेली. थोडी थांबली, आणि हलकंच पुढे गेली. जोरात नाही. आधीही नाही, नंतरही नाही.

मी त्या बोटाकडे बघत राहिलो आणि सुई अडकली. वेदरबी तेच ते तीन सूर पुन्हा पुन्हा वाजवू लागला.

“भावजी,” चौकटीतून वहिनींचा आवाज आला, “सुई अडकली.”

मी घाईने ढकलली. जरा जोरातच गेली आणि बराचसा भाग उडाला. बाजू संपली. मला आतून हुरूप आला होता. ओळखलंय! गंमत करतोय म्हातारा, आता नाव सांगेल, वर रेकॉर्डिंगची तारीखही सांगेल, नि आपण सगळे खिचडी खाऊ.

“हां, अच्युतराव,” मी म्हटलं, “कोण?”

त्यांनी जरा विचार केला. म्हणजे विचार केल्यासारखं केलं.

“बडी लॅमंट,” ते म्हणाले.

पास्कलने तोंड उघडलं आणि मिटलं. बडी लॅमंट! आता हे नाव तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. गुळगुळीत, गोडगोड सॅक्सोफोन वाजवणारा माणूस. अच्युतराव त्याला ‘लिफ्टवाला’ म्हणायचे, म्हणजे लिफ्टमध्ये लावायच्या लायकीचा. त्याची एक रेकॉर्ड कुणीतरी भेट दिली होती, ती त्यांनी डाळीच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली होती. वेदरबीला लॅमंट म्हणणं हे चुकून होणारं कामच नव्हतं. त्यासाठी वेदरबी पक्का माहीत असावा लागतो.

कौस्तुभला ह्यातलं काहीच कळत नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता. वहिनीही माझ्याकडेच बघत होत्या. माझ्या मनात आलं, म्हणून टाकावं बरोबर. कुणाला काय कळणार? पास्कल काही बोलला नसता. मी म्हणायला तोंड उघडलंसुद्धा.

“कव्हर दाखव,” अच्युतराव म्हणाले.

“अहो, राहू दे की. आपण नंतर...”

“नियम आहे. दाखव कव्हर.”

मी अभ्र्यातून कव्हर काढलं. वेदरबीचा मोठा काळा-पांढरा फोटो, खाली ठसठशीत नाव. कौस्तुभने ते वाचलं आणि मान खाली घातली. त्याला आनंद झाला असता तर मला बरं वाटलं असतं, निदान रागावता आलं असतं. पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“असं होय,” अच्युतराव कव्हराकडे बघत म्हणाले. “कोण हा? चांगला वाजवतो.”

वहिनी चौकट सोडून आत वळल्या. “चला,” आतून म्हणाल्या, “खिचडी निवतेय.”

कुणीच फारसं जेवलं नाही. निघताना अच्युतराव मला जिन्यापर्यंत सोडायला आले. पास्कल कठडा धरून खाली उतरू लागला होता. अच्युतरावांनी आपल्यामागे दार ओढून घेतलं.

“तू बघितलंस,” ते म्हणाले.

“काय?”

“नाटकं करू नकोस. बोट.”

मी मान डोलावली.

“सगळं सांभाळलं रे. तोंड सांभाळलं, पाय हलू दिला नाही. बोटाचं मेल्याचं लक्षातच आलं नाही.”

“पण का, अच्युतराव? तुम्हाला कळत नाही का, आता सगळं जाणार?”

“कळतंय म्हणून तर.” ते पायरीवर बसले. त्यांना दम लागला होता, नुसतं बोलूनच. “तिला किती वेळा म्हटलं, चल, जाऊ पुण्याला. लिफ्ट आहे, खाली बाग आहे, पोर आहे खेळवायला. ती म्हणते, रेकॉर्डींशिवाय तुम्ही चार दिवस राहायचे नाहीत. म्हटलं, राहीन. तर हसते. चाळीस वर्षं मीच पटवलंय ना तिला, की ह्यांच्याशिवाय मला जगता येत नाही? आता उलटं कुठल्या तोंडाने पटवू?”

“म्हणून विसरलात?”

“परवा न्हाणीघरात पडली. मी शेजारी जाऊन चहा पीत बसलो. ते काय नाटक होतं?” त्यांनी सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला. “डॉक्टर खोटं सांगत नाही. आता तुझ्याबरोबर आला तो... बघ, नाव येत नाही. हा वेदरबीपण आज ना उद्या जाणारच आहे. थोडा आधी गेला, एवढंच.”

खालून पास्कलने हाक मारली. अच्युतराव माझ्या खांद्याला धरून उठले.

“शरयूला सांगायचं नाही. कधीच नाही. शपथ घे.”

“अहो, मी काय शाळेत आहे?”

“घे.”

मी घेतली.

पुढचं सगळं भराभर झालं. मुंबईचा एक जुन्या रेकॉर्ड्सचा व्यापारी येऊन कपाटंच्या कपाटं रिकामी करून गेला. पास्कलने थोडी ट्रम्पेटवाली मंडळी नेली. वेदरबीचा बॉक्स सेट मी आणला. माणसं खोकी बांधत होती तेव्हा अच्युतराव गॅलरीत पेपर वाचत बसले होते, ते शेवटपर्यंत आत आले नाहीत. भिंतीवर कपाटांच्या आकाराचे फिकट पट्टे उरले. वहिनींना खुर्चीत बसवून खाली उतरवलं तेव्हा त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते.

आता जो माणूस वेदरबी ओळखत नाही, त्याने पुढे कुठलंच संगीत मागायचं नाही, हे ओघानेच आलं. हे माझ्या ध्यानात आलं ते पहिल्यांदा पुण्याला गेलो तेव्हा. अच्युतराव दिवाणावर बसून टीव्हीवर कुणीतरी ढोकळा करताना बघत होते. मी जाताना खिशात मावेल असं एक छोटं यंत्र नेलं होतं, त्यात वेदरबीचा अख्खा बॉक्स सेट भरून घेतला होता. म्हटलं, कानात घालून ऐकतील, कुणाला पत्ता लागणार नाही. पण वहिनी तिथेच भाजी निवडत बसल्या होत्या. मी ते अच्युतरावांच्या हातात ठेवलं तसं त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत दिलं.

“मला नाही रे ह्यातलं काही कळत आता,” म्हणाले.

ते वहिनींसाठी बोलले की खरंच बोलले, हे मला समजलं नाही. मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. ती मांडीवर शांत पडली होती. परतीच्या बसमध्ये मी ते यंत्र कानाला लावलं आणि लोणावळ्याच्या आधीच काढून ठेवलं. मला एकट्याला ऐकवेना. खरं तर त्यानंतर मी रेकॉर्ड्स घेणंही सोडून दिलं. नवा बॉक्स सेट निघाल्याचं वाचलं की वाटायचं, आणायचा, फोडायचा, पुसायचा, ठेवायचा, आणि दाखवायचा कुणाला?

अच्युतराव दोन पावसाळे काढून गेले. पास्कल त्यांच्या आधीच गेला होता. मी पुण्याला गेलो तो दिवसपाणी आटोपल्यावर, एका संध्याकाळी. कौस्तुभ म्हणाला, आई खाली बागेत आहे.

शरयूवहिनी हातात काठी घेऊन बागेच्या कडेकडेने चालत होत्या. हळू, पण स्वतःच्या पायांनी. मला बघून बाकावर बसल्या. ठाण्याच्या गोष्टी निघाल्या, पास्कलची आठवण निघाली. मग त्या काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाल्या, “भावजी, एक विचारू? त्या रविवारी ह्यांनी खरंच ओळखलं नव्हतं का हो?”

ह्या प्रश्नाची मी दोन वर्षं तयारी करून ठेवली होती.

“नाही, वहिनी,” मी म्हटलं. “नव्हतं ओळखलं. आजारच तसा होता.”

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. रागावल्या नाहीत.

“तुम्हाला खोटं बोलता येत नाही,” त्या म्हणाल्या. “मी चौकटीत उभी होते. सुई अडकायच्या आधी ह्यांचं बोट उचललेलं मी पाहिलं. चाळीस वर्षं पाहत आले होते की. मला त्या गाण्यातलं काही कळत नाही, पण ते बोट कधी उचलायचं हे कळतं.”

कशीबशी शपथ पाळली होती, आणि जिच्यासाठी पाळली तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

“मग तेव्हाच का बोलला नाहीत?” मी विचारलं. “एक शब्द बोलला असतात तर सगळं राहिलं असतं.”

“बोलणार होते. तोंडावर आलं होतं.” त्या बागेकडे बघत म्हणाल्या. “गुडघे फार दुखत होते हो.”

मी विचारलं, “त्यांना माहीत होतं? तुम्हाला कळलंय हे?”

“मी कधी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. पण रोज संध्याकाळी मी फिरून वर गेले की विचारायचे, आज किती फेऱ्या मारल्यास? मी सांगायचे. कोण भेटलं, कुठलं झाड फुललं, सगळं विचारून घ्यायचे. अगदी डोळे मिटून ऐकायचे, पूर्वी तुमचं ते ऐकायचे तसे. शेवटी शेवटी माझं नाव विसरले, कौस्तुभला तर ओळखतच नव्हते. पण फेऱ्या विचारायचे.”

त्यांनी काठी टेकली आणि उठल्या. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

“पाय दुखले की मी दोनच मारायचे,” त्या म्हणाल्या. “पण त्यांना चार सांगायचे.”